मातीसकट

खोपकरकाकांच्या दारावर, बेलच्या बटणाखाली, पुठ्ठ्याची एक पाटी होती. वर जर्मनमध्ये आणि खाली मराठीत एकच मजकूर: 'मातीसकट आणा.' मराठी मजकुराची तशी गरज नव्हती. जर्मनीतल्या एर्लांगेनपासून बसने पंचवीस मिनिटांवरच्या त्या गावात मराठी वाचणारी माणसं दोनच होती. एक काका स्वतः, आणि दुसऱ्या त्यांच्या पत्नी ऊर्झुलाकाकू, ज्या जन्माने जर्मन होत्या आणि मराठी सासूच्या पत्रांवरून शिकल्या होत्या. पाटी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला वाटलं, काका रोपं विकत असावेत.

काका वस्तू ओळखायचे. सुटीच्या दिवशी मेटल डिटेक्टर घेऊन शेतांतून हिंडणारी पुष्कळ माणसं जर्मनीत आहेत. काठीच्या टोकाला थाळी, कानांवर हेडफोन, आणि हरवलेलं जानवं शोधावं तसं खाली मान घालून चालणं. शेतकऱ्याची आणि सरकारची परवानगी लागते, सापडलेलं कळवावं लागतं. पण त्याआधी सापडलंय काय हे कळायला हवं ना! गंजलेला लोखंडी तुकडा तलवारीचा की नांगराचा, हे शेतात उभ्या असलेल्या माणसाला कधीच कळत नाही. त्याला ती तलवारच वाटते. अशी माणसं शनिवारी सकाळी काकांच्या तळघरात रांग लावत.

तीसेक वर्षं काका एर्लांगेनच्या एका मोठ्या विजेच्या कंपनीत धातूंच्या प्रयोगशाळेत होते. तुटलेले भाग कापायचे, सूक्ष्मदर्शकाखाली धरायचे आणि का तुटले ते सांगायचं, हे काम. निवृत्त झाल्यावर कुणीतरी त्यांना शेतात सापडलेलं एक बक्कल दाखवलं आणि त्यांना दुसरी नोकरी लागली. बिनपगारी. गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेलं भिंग असायचं. ऊर्झुलाकाकू त्याला 'यांचं मंगळसूत्र' म्हणायच्या. काकू सगळ्यांनाच 'अहो' म्हणायच्या. नवऱ्याला, मला, पोस्टमनला आणि त्यांच्या म्हाताऱ्या मांजराला.

काका वस्तूकडे आधी बघत नसत. ती डाव्या हातात घ्यायची, डोळे मिटायचे आणि अंगठा तिच्यावरून फिरवायचा. मग हळूच विचारायचं, "कुठे धरायचं तुला?" समोरचा जर्मन असला तरी हा प्रश्न मराठीतच. तो वस्तूला असे. मग भिंग. मग आणणाऱ्याला तीन प्रश्न: कुठे, किती खोल, साफ केलीस का? मगच निकाल. निकाल एका लांबट वहीत लिहिला जाई. शेवटचा रकाना 'खात्री'चा होता आणि त्यात तीनच शब्द चालत: हो, बहुतेक, माहीत नाही. 'माहीत नाही' लिहिताना काका जितके खुश दिसत तितके एरवी क्वचितच दिसत.

"झीज बघायची," ते मला म्हणाले होते. "करणारा त्याला हवं ते दाखवतो. झीज आपली होईल तशी होते."

एकदा वाइगेल नावाचे शेतकरी एक वाकडी लोखंडी वस्तू घेऊन आले. गोल डोकं आणि पुढे दोन समांतर दांडे. त्यांच्या मते ते तिजोरीच्या किल्लीचं डोकं होतं, आणि तिजोरीही जवळच कुठेतरी असणार. काकांनी डोळे मिटले, अंगठा फिरवला, आणि एकदम ती वस्तू दातांजवळ नेली. वाइगेल घाबरले. काकांनी एक बोट ओठांसमोर हलवलं आणि तोंडाने 'टँव टँव' असा आवाज काढला. ते मोरचंग होतं, दातांत धरून बोटाने वाजवायचं वाद्य. मधली पट्टी गंजून गेलेली, फक्त चौकट उरली होती.

"तुमच्या शेतात कुणीतरी काम सोडून वाजवत बसलं होतं," काका म्हणाले.

वाइगेलांनी ती चौकट उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाले, "गेनाऊ, अगदी बरोबर. आमच्या घराण्यात असे बरेच होऊन गेले."

तिजोरी गेली ती गेलीच. पण ते घरी गेले ते हसत. काकांकडून माणसं बहुधा आणलेल्यापेक्षा कमी किमतीची वस्तू घेऊन परत जात, आणि तरीही काहीतरी मिळाल्यासारखी जात. हे कसं साधतं ते मी पुष्कळदा जवळून पाहिलं, मला ते जमलं नाही.

आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांच्या बाबतीत मात्र ते काकांनाही जमलं नाही. अध्यक्षांना घराच्या बागेत शिशाची एक चकती सापडली. वर मुकुट, खाली दोन अक्षरं. त्यांनी ती कुणा धर्मगुरूची मुद्रा ठरवली, मखमली डबी आणली, आणि गणेशोत्सवात तिचं 'अनावरण' ठेवलं. मुद्रेचं अनावरण कसं करतात हे मला अजून माहीत नाही, पण रुमाल होता, फीत होती, आणि काकांना शाल-श्रीफळ होतं. सत्कार झाला की त्यांनी मुद्रेबद्दल दोन शब्द बोलावेत, असं ठरलं होतं. काकांनी डबीतून चकती काढली, सवयीने डोळे मिटले आणि माइकसमोरच विचारलं, "कुठे धरायचं तुला?" सभागृहाला वाटलं, स्तोत्र सुरू झालं. मग ते म्हणाले, "हे खताच्या पोत्याचं सील आहे. सुतळीच्या गाठीवर दाबून बसवायचे. पण खत चांगलं असणार हो, इतकं जाड शिसं हलक्या मालाला नाही वापरायचे." आणि त्या पोत्यातल्या खताबद्दल ते मनापासून दहा मिनिटं बोलले. अध्यक्षांनी टाळ्या वाजवल्या, पण एकाच हाताने वाजवल्यासारख्या.

घरी परतताना मी हसत होतो. काका नव्हते. "त्यांना आधी एकट्याने सांगायला हवं होतं रे," ते म्हणाले. "चुकलंच माझं."

मी स्वतः डिटेक्टर घेतला तो इथल्या दुसऱ्या हिवाळ्यात. ऑफिसात वैद्यकीय यंत्रांचं सॉफ्टवेअर लिहायचं, घरी येऊन भिंती बघायच्या. मुक्ता, माझी बायको, म्हणाली, "पुण्यात असतास तर निदान शनिवारी गडावर गेला असतास. जा, खड्डे तरी खण." असा मी काकांकडे पोचलो. पहिल्या वर्षी मी फक्त पिशव्यांवर चिठ्ठ्या चिकटवायचो. दुसऱ्या वर्षी नव्याने येणाऱ्यांना नियम सांगायचं काम काकांनी माझ्याकडे दिलं: वस्तू धुवायची नाही, घासायची नाही, आली तशी मातीसकट आणायची. माती म्हणजे घाण नव्हे, तो वस्तूचा जबाब आहे, वगैरे. 'जबाब' हा शब्द माझा. नियम सांगताना माझा आवाज जरा खाली उतरायचा आणि हातांची बोटं जुळायची. दुसऱ्याच्या समारंभांना मी आयुष्यभर हसत आलो. माझा स्वतःचा समारंभ मला ओळखू आला नाही.

वाइगेलांचं एक शेत कार्प माशांच्या तळ्याला लागून होतं. परवानगी होती. दिवाळीच्या आधीच्या शुक्रवारी मी ऑफिसातून लवकर निघून तिथे गेलो आणि मला एक पिन सापडली. जर्मनमध्ये तिला फिबेल म्हणतात: बटणं नव्हती तेव्हा अंगावरचं कापड खांद्याशी अडकवायची पिन, आजच्या सेफ्टी पिनेची खापरपणजी. काशाची होती. एका टोकाला तारेची गुंडाळी, मधे कमान, आणि सगळीवर हिरवा थर, जुन्या विहिरीच्या पायरीवर शेवाळ असतं तसा. मातीसकट पिशवीत घातली. नियमाप्रमाणे.

त्याच रात्री मुक्ता चकल्या करत होती आणि देवांची भांडी माझ्याकडे होती. दर वर्षीचंच काम. चिंच भिजवायची, कोळ काढायचा, मीठ टाकायचं आणि घासायचं. चिंच आशियाई दुकानातली, थायलंडची. पण तांब्याला देश कळत नाही. ताम्हन झालं, पळी झाली, निरांजन झालं. मग मी ती पिन पिशवीतून काढली. फक्त बघायला.

आमच्या घरात हिरवं पडलेलं तांबं म्हणजे आळशीपणाची जाहीर कबुली. माझ्या आजोळी पाहुणे यायच्या आधी घंगाळ चमकलं नाही तर मामी कुणाशी धड बोलत नसे. त्यामुळे हात आपोआप गेला, असं मी पुढे बराच काळ स्वतःला सांगत आलो. ते खरं नाही. हात आपोआप गेला नाही. कमानीवर नक्षी असावी असं वाटत होतं आणि मला ती बघायची होती. काकांच्या आधी बघायची होती.

पाच मिनिटांत हिरवा थर सिंकमधून वाहून गेला. खालून तांबूस, लखलखीत, बारीक खड्ड्यांचं अंग निघालं. नक्षी नव्हतीच.

मुक्ता डोकावली. "कसली रे पिन? छान निघाली की!"

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, तळघरात पाच-सहा जण होते. त्यातल्या एका नव्या मुलीला मी नुकतंच, आवाज खाली उतरवून, मातीचा जबाब समजावला होता. पिन खिशातच ठेवून घरी न्यावी, असं एकदा वाटलंही. पण ती सापडल्याचं मी काकांना शुक्रवारीच फोनवर सांगून बसलो होतो.

काकांनी ती डाव्या हातात घेतली, डोळे मिटले. अंगठा तारेच्या गुंडाळीवर थांबला.

"आई गं," ते म्हणाले. हे मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. "निखिल, ही रोमनांच्याही आधीची आहे रे."

मग त्यांनी डोळे उघडले आणि पिन दिव्याखाली धरली. ती एखाद्या निरांजनासारखी चमकली.

"ही साफ केलीस?"

ती मुलगी माझ्याकडे बघत होती.

"नाही काका."

"अशीच निघाली?"

"अशीच. थोडी माती होती, ती झटकली. ओली होती जरा." खोटं बोलणाऱ्याला तपशील पुरवायची फार हौस असते.

त्यांनी भिंग लावलं. काढलं. पुन्हा लावलं. "खड्डे आहेत. मातीने खावेत तसे," ते स्वतःशीच बोलले. "पण जमिनीतून निघते आणि हिरवी नसते, असं होत नाही. आल्झो, म्हणजे... खड्डे ओतकामाचे. हलकं ओतकाम. नक्कल आहे. संग्रहालयांच्या दुकानांत मिळतात अशा, बायका शालीला लावतात. कुणाची तरी तळ्याकाठी पडली असणार." त्यांनी ती माझ्या हातात परत दिली आणि खांद्यावर हात ठेवला. "वाईट वाटून घेऊ नकोस. होतं असं. मलासुद्धा क्षणभर वाटलं होतं."

वहीत त्यांनी लिहिलं: 'नवी नक्कल. खात्री: हो.' नक्कल होती म्हणून ती सरकारला कळवायच्या यादीत गेली नाही.

पुढच्या शनिवारी सांगायचं, असं मी ठरवलं. वर्षात शनिवार बावन्न येतात. मी दोन वर्षं ठरवत होतो.

तोवर वाइगेलांनी ते शेत एका गोदामासाठी विकलं. वसंतात यंत्रं आली, वरची माती खरवडू लागली, आणि दोन-तीन दिवसांनी कुणाला तरी हाडं दिसली. काम थांबलं, पुरातत्त्व खात्याची माणसं आली. जुनी दफनभूमी होती. निम्मी उरली होती. स्थानिक वर्तमानपत्रात फोटो आला: एका पांढऱ्या ट्रेमध्ये चार पिना. तीच कमान, तीच गुंडाळी. हिरव्या.

काकांचा फोन आला. "येतोस?"

मी पोचलो तेव्हा खात्याच्या बाई आधीच येऊन बसल्या होत्या. काकांना त्या मानत. चहा झाल्यावर त्यांनी सहज विचारलं, "खोपकरसाहेब, त्या शेतातलं तुमच्याकडे कधी काही आलं नव्हतं? एखादी जरी वस्तू आधी कळली असती, तर यंत्रांच्या आधी आम्ही गेलो असतो."

काका उठले. खालून वही घेऊन आले, पान उघडलं, आणि ती वही बाईंच्या दिशेने फिरवून ठेवली.

"आली होती," ते म्हणाले. "मी तिला नक्कल ठरवलं."

बाई म्हणाल्या, असं कुणाकडूनही होऊ शकतं.

"कुणाकडूनही होतं. म्हणून तर लोक माझ्याकडे येतात."

मी चहाचा ट्रे धरून उभा होतो. वहीत आणणाऱ्याच्या नावाचा रकाना असतो. काकांनी पान दाबून धरायला अंगठा ठेवला होता, तो बरोबर त्या नावावर. बाई जाईपर्यंत त्यांनी तो उचलला नाही.

त्या गेल्यावर मी म्हणालो, "काका, ती पिन..."

"तुझा काय दोष त्यात? तू आणलीस, जशी होती तशी आणलीस. ओळखायचं काम माझं." मग ते पुढे झुकले, आणि मला जे ऐकावं लागलं ते मी अजून विसरलेलो नाही. "मी रात्रभर विचार केला. शेजारी तळं होतं रे! तळ्याच्या चिखलात हवा पोचत नाही. तिथे कासं हिरवं पडत नाही, चमकत राहतं. तू म्हणालासही की ओली होती. सगळं तू सांगितलं होतंस. मलाच सुचलं नाही."

माझ्या थापेला त्यांनी धातुशास्त्राचा आधार शोधून दिला होता. मी खोटं बोललो असेन ही शक्यता त्यांनी तपासलीच नव्हती. सगळं तपासणाऱ्या माणसाने एवढी एकच गोष्ट तपासायची सोडली होती. सांगण्याची ती वेळ होती. त्याहून चांगली वेळ मला कुणी आणून देणार नव्हतं. मी कप आत नेऊन ठेवले.

पाटी त्यांनी स्वतःच काढली. शनिवारी माणसं येत, काकू दारातूनच त्यांना सांगत, "अहो, आता ते बघत नाहीत." जर्मन माणसांना 'अहो' कळत नसे, पण बाकीचं कळे. काका डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आले. "डॉक्टर म्हणतो, डोळे उत्तम आहेत," ते मला म्हणाले. "म्हणजे बिघाड आतला आहे." मी म्हणालो, असं काही नाही हो काका. हे वाक्य मी तेव्हा फार वेळा म्हणायचो.

एका दुपारी त्यांनी मला वहीतली ती नोंद दुरुस्त करायला बसवलं. मजकूर त्यांनी सांगायचा, मी लिहायचा. "तूच लिही. अक्षर तुझं बरं आहे, आणि माझा आता माझ्यावर भरवसा नाही." मी लिहिलं: 'अस्सल. आधीचा निर्णय चुकीचा. कारण: ओळखणाऱ्याला आता कळेनासं झालं आहे.' लिहून झाल्यावर त्यांनी वाचून दाखवायला सांगितलं. मी वाचून दाखवलं.

गेल्या फेब्रुवारीत काका गेले. झोपेत गेले, काकूंच्या शब्दांत 'अहो, न सांगता.' वह्या काकूंनी माझ्याकडे दिल्या, खात्याकडे पोचवायला. मी त्या नोंदीखाली एक ओळ लिहिली: चिंच आणि मीठ लावून घासली होती, विचारल्यावर नाही म्हणून सांगितलं, आणि खाली माझं पूर्ण नाव. वह्या आणि तेव्हापासून माझ्याच कपाटात पडून असलेली ती पिन घेऊन मी बाईंकडे गेलो, आणि ती ओळ त्यांना जर्मनमध्ये सांगितली. त्यांनी चष्मा काढून विचारलं, "चिंच म्हणजे काय?" मी समजावलं. त्यांनी ते नीट लिहून घेतलं. बाकी काही विचारलं नाही. काकूंना मी अजून सांगितलेलं नाही. शनिवार येतच आहेत.

काका मला शेवटचे दिसले ते त्यांच्या गावच्या बसथांब्यावर, जानेवारीत. पोचवायला येऊ नका म्हटलं तरी आले होते. बर्फ वितळून रस्त्याकडेला चिखल झाला होता आणि त्यात काहीतरी गोल दिसत होतं. ते वाकले, त्यांनी ते उचललं, डाव्या हातात घेतलं. डोळे मिटले. अंगठा फिरला. मी वाट बघत होतो, 'कुठे धरायचं तुला' कधी येतं त्याची. ते आलं नाही. त्यांनी डोळे उघडले आणि ती वस्तू, चिखलासकट, माझ्या तळहातावर ठेवली.

"बघ बरं, काय आहे."

वाटीएवढं पत्र्याचं झाकण, मधे स्क्रूचं भोक. तिथल्या शाळकरी पोरालाही सांगता आलं असतं.

"सायकलच्या घंटीचं झाकण आहे, काका."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी मान हलवली, झाकण माझ्याकडून परत घेतलं आणि कोटाच्या खिशात टाकलं. बस आली. मी आत चढून काचेतून पाहिलं तर ते तिथेच उभे होते, हात खिशात, अंगठा आत कशावरून तरी फिरत असावा असा. माझ्या शब्दावर त्यांनी विश्वास ठेवला होता. पुन्हा.